मारुतीच्या छातीवरील रेघ

त्या वर्षी हनुमान जयंतीला पाच दिवस उरले असताना आमच्या गावच्या मारुतीने खोळ टाकली.

तेलात कालवलेला शेंदूर मूर्तीवर पिढ्यानपिढ्या चढत राहतो. थरावर थर बसतो, मूळ दगड त्याखाली दिसेनासा होतो, आणि डोळे चिकटवलेला एक तांबडा गोलाकार उंचवटा एवढेच देवाचे रूप आपल्या ओळखीचे उरते. मग एखाद्या दिवशी तो सारा थर स्वतःच्या भाराने सुटतो आणि कवचासारखा अखंड गळून पडतो. माझ्या आजोबांनी बालपणी हे एकदा पाहिले होते. वडिलांच्या वाट्याला ते आले नाही. माझ्या वाट्याला ते आले, तेही हाती कॅमेरा असताना.

कॅमेरा घेऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. आयुष्यभर मी संस्कृत शिकवले. जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हा माझी शाळा पलीकडच्या जिल्ह्यात गेली आणि घर सानगडीच्या अलीकडे, भंडारा जिल्ह्यात राहिले. निवृत्तीपर्यंत मी ती सीमा दिवसातून दोनदा ओलांडत असे. पुढे हातांना काही उद्योग असावा म्हणून कन्येने पुण्याहून कॅमेरा पाठवला. मी तलावावरचे बगळे टिपले, अंगणात वाळत घातलेली मोहफुले टिपली, आणि घरच्या पोथ्यांची पाने टिपली. त्यांतले एकही छायाचित्र मला धड वाटले नव्हते.

गुरुवारी सकाळी देवस्थानाचे अध्यक्ष स्वतः घरी आले. रस्त्यांची कामे करणारे ते ठेकेदार. मनाने उदार, आवाजाने मोठे.

"गुर्जी, आंघोळ झाली न? मंग चला. देवानं खोळ टाकली. तुमच्यापाशी कॅमेरा हाय, तुमीच फोटो काढा. साकोलीवाल्या फोटोग्राफरले गाभाऱ्यात कसा घेऊ?"

साकोली हे आमचे तालुक्याचे गाव.

रीत अशी की गळलेली खोळ नव्या वस्त्रात गुंडाळून तलावात विसर्जित करावी, उघड्या मूर्तीला स्नान घालावे, आणि तिसऱ्या दिवशी सूर्योदयाला तिच्यावर पुन्हा शेंदूर चढवावा. मधल्या काळात मूर्ती पांढऱ्या वस्त्राखाली असते. मला त्यातला एक तास मिळाला.

आमचा गाभारा म्हणजे वाकून आत जावे लागेल एवढी दगडी खोली. समई एक. पुजारी वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. धानाची शेती आणि मारुतीची पूजा, या दोन गोष्टींखेरीज त्याला तिसरे काही ठाऊक नाही असे गाव समजत असे. त्याने वस्त्र दूर केले आणि मी कॅमेऱ्यावरचा झोताचा दिवा उघडू लागलो, तेव्हा त्याने माझे मनगट धरले.

"तो नोका लावू जी. इतक्या सालानं उघडा झाला तो. पयला उजेड असा डोये दिपवनारा कायले?"

मला त्याचे म्हणणे पटले. समईच्या उजेडात मी एकतीस छायाचित्रे घेतली. शेंदराच्या आत दडलेला आमचा मारुती किती लहान, किती कृश होता! काळा दगड, उजवा हात वर, मुख झिजलेले. त्याहून अधिक मला दिसले नाही. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि उजवा ओलावला होता.

शनिवारी सूर्योदयाला शेंदूर चढला. आमचा ओळखीचा मारुती परत आला आणि आतला दगड पुन्हा झाकला गेला. तो आता कोणाच्या नातवाला दिसेल, कोणी सांगावे. त्याचे दर्शन उरले ते माझ्या एकतीस छायाचित्रांत.

आणि इथे मी ती चूक केली, जी माझ्यासारख्या माणसानेच करावी. शुक्रवारीच सर्व छायाचित्रे मी संगणकात उतरवून घेतली होती. पूजा आटोपल्यावर ताम्हण, पळी, पंचपात्र रिकामे करून, घासून, पालथे घालावे, भरलेले पात्र तसेच ठेवू नये, हा संस्कार माझ्या हाडात मुरलेला. कॅमेऱ्यातले कार्डही मला पात्रच वाटले. ते मी पुसून कोरे केले. शनिवारी शेंदूर चढल्यावर त्याच कार्डावर नव्या रूपाची तीन छायाचित्रे घेतली, आणि मनात एक प्रकारचे शुचितेचे समाधान घेऊन घरी आलो.

छायाचित्रे मात्र काळोखी होती. समईचा एक सोनेरी ठिपका, बाकी सारे काजळ. त्यांतून देव वर काढायचा तर सॉफ्टवेअर हवे, आणि ते कसे निवडावे हे मला माहीत नव्हते. साकोलीच्या एका संगणकाच्या दुकानात मी विचारले. दुकानदार म्हणाला, "गुर्जी, तुमच्यासाठी सोपंच पाहिजे. हे घ्या. लग्नाचे फोटोवाले हेच वापरतात. एकच बटन. अंधार जाते, डाग जाते, ओरखडे जाते. सारे फोटो एका झटक्यात." चोवीस बटनांच्या शेजारी एक बटन ठेवले तर नवशिक्या एकाकडेच वळतो. मीही वळलो. त्याने ते माझ्या संगणकात घालून दिले.

शनिवारी दुपारी मी ते एक बटन दाबले. पडद्यावर एक पट्टी सरकत गेली. ती संपली तेव्हा एकतीस मारुती उजळून निघाले होते. दगड गुळगुळीत, छाती भरदार, कांती एकसारखी. संगणकाने विचारले, जतन करू का? मी हो म्हटले. ते जुन्यावरच जतन करील, हे मला सुचले नाही. मी हात जोडले.

त्याच दिवशी गावात कुजबूज सुरू झाली.

खोळ तलावात नेणाऱ्यांपैकी एकाने पानठेल्यावर सांगितले की कवचाच्या आतल्या अंगाला, छातीच्या जागी, तिरकी, उठावाची रेघ त्याने पाहिली. बोटाला लागेल एवढी उंच. म्हणजे दगडात तेवढीच भेग असली पाहिजे. रविवारी सकाळपर्यंत ती भेग गावभर झाली. मूर्ती भंगलेली आहे. आपण इतकी वर्षे भंगलेल्या देवाला नारळ फोडत आलो. म्हणून यंदा मोहही कमी पडला.

या कुजबुजीला वजन यायला कारण होते. अध्यक्षांनी आईच्या स्मरणार्थ संगमरवरी मारुती करवून घेतला होता. तो जयपुराहून येऊन त्यांच्या गोदामात गवतात गुंडाळून पडला होता, कारण गावाने जुन्या देवाला हलवायला नकार दिला होता. भेग ठरली असती तर जुना दगड रीतीप्रमाणे तलावात जायचा आणि संगमरवराला जागा व्हायची. अध्यक्षांच्या मनात कपट नव्हते, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे. त्यांनी रविवारी सकाळी दहा जणांना मंदिरात बोलावले आणि मलाही.

"पानठेल्यावरची गोष्ट मी मानत नाही," ते म्हणाले. "गुर्जीपाशी फोटो हाये. गुर्जींच्या फोटोत भेग असल, तर हाय. नसल, तर आजपासून कोनी तोंड काढाचं नाही. मी बी काढनार नाही. कबूल?"

सगळ्यांनी मान डोलावली. मी संगणक उघडून समोर ठेवला. दहा डोकी पुढे झुकली. उजळलेली, भरदार, अखंड छाती पडद्यावर होती. कुठेही रेघ नव्हती.

"पाहा!" अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. त्या आवाजात निराशा असेल तर ती त्यांनी झाकली. "मिटलं. हाच फोटो मोठा करा गुर्जी, फ्रेम मी बनवतो. मंगळवारी जन्म झाला का इथं लावू. आनि माह्या संगमरवराले मी शेतात देऊळ बांधीन."

सगळे उठले. कोणीतरी मला पेढा दिला. पुजारी तेवढा खांबाला टेकून बसून होता. तो पडद्याकडे पाहत नव्हता. माझ्याकडे पाहत होता. मी विचारले, "तुम्ही नाही पाहिला?"

"पायला न," तो म्हणाला. "लय चिकना दिसते." आणि उठून गाभाऱ्यात गेला.

हा शब्द घरापर्यंत माझ्यासोबत आला. मी संगणक पुन्हा उघडला आणि छातीचा भाग, जेवढा मोठा होईल तेवढा, मोठा केला. दगडावर हरभऱ्याच्या दाण्यासारखा एक पांढुरका कण होता. त्याच्या वर चार बोटांवर तसाच दुसरा कण होता. तसाच म्हणजे अगदी तसाच. शेजारच्या छोट्या खळीसह, खळीतल्या सावलीसह. आणखी वर तिसरा. निसर्ग दगड घडवताना असा एकच कण तीनदा उमटवत नाही. कोणीतरी शेजारचा दगड उचलून तिथे चिकटवला होता. चेहऱ्यावरचा व्रण झाकावा तसे त्या एका बटनाने काहीतरी झाकले होते, आणि मी त्याला हो म्हटले होते.

मूळ छायाचित्र शोधायला गेलो तर ते नव्हते. त्याच नावाखाली हेच होते. कार्ड मी घासूनपुसून ठेवले होते. मूर्ती शेंदराखाली होती. दहा माणसे माझ्या शब्दावर घरी गेली होती, आणि अध्यक्षांनी छायाचित्राची प्रत फ्रेमसाठी तेव्हाच साकोलीला पाठवली होती.

खोटे मी बोललो नव्हतो. पण माझ्या हातून ते दाखवले गेले होते. आणि त्या खोट्याने माझा देव वाचत होता! गप्प राहणे किती सोपे होते, हे मी लपवून ठेवत नाही. त्या दिवशीच्या सायंसंध्येत अर्घ्य देताना माझे लक्ष तीनदा ढळले. डोळे मिटले की तो पांढुरका कण दिसे, एकाखाली एक.

सोमवारी सकाळी मी लाखांदूरची एसटी धरली. तिथे माझा जुना सहकारी राहतो. आम्ही एकाच शाळेत सव्वीस वर्षे शिकवले. तो चित्रकला, मी संस्कृत. त्याच्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेली. घरात बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, आणि बाकी सगळीकडे रंग, ब्रश, वायरी, संगणक. निवृत्तीनंतर त्याने छायाचित्रे दुरुस्त करण्याचा छंद लावून घेतला होता. देवाधर्मावरून त्याने मला जेवढे चिडवले, तेवढे कोणी चिडवले नसेल, आणि माझ्या आईच्या अखेरच्या दुखण्यात जेवढा तो धावला, तेवढेही कोणी धावले नसेल.

"या पंडितजी! देवानं धाडलं का भुकेनं?"

मी बसलो आणि सारे सांगितले. तो हसला नाही. खिशातून कार्ड काढून मी त्याच्यापुढे ठेवले.

"हे पुसलं?"

"पुसलं."

"काहून पुसलं?"

"वापरलेलं पात्र भरलेलं ठेवू नये म्हणून."

त्याने कार्ड उचलून उजेडात धरले. "सव्वीस वर्सं मी म्हनत होतो, तुमची स्वच्छता एक दिवस तुमाले घात करन. त्याच्यानंतर कार्डावर काही काढलं?"

"तीन."

"तीनच न? पक्कं आठवा."

"तीन."

"मंग बसा. पुसलं म्हंजे फक्त नाव काढलं असते जी. मानूस घरातच राह्यते, दारावरची पाटी निघते. पन नवा मानूस घुसला का जुना गेला. तुमचे तीन नवे मानसं कोनाच्या घरात घुसले, ते पाहू."

त्याने कार्ड संगणकाला जोडले आणि एक शोधक प्रोग्रॅम सुरू केला. पट्टी पुन्हा सरकू लागली. शनिवारी जी पट्टी पाहून मी हात जोडले होते, तिच्याच भगिनीकडे मी आता श्वास रोखून पाहत होतो. एकेक चौकोन उघडू लागला. पहिला राखाडी, त्यात काहीच नाही. दुसरा राखाडी. तिसऱ्यात वरचा तुकडा मारुतीचा, खाली रंगीत पट्टे. चौथा पुन्हा राखाडी. मनातल्या मनात नाम घ्यावे तर हे मागणे योग्य आहे का, हेही मला ठरवता येईना. मी नक्की काय सापडावे म्हणून प्रार्थना करणार होतो? रेघ? की रेघेचा अभाव?

पाचवा चौकोन पूर्ण उघडला. काळोखी, समईच्या ठिपक्याचा. माझाच. मग सहावा, सातवा. शेवटी एकतीसपैकी सत्तावीस परत आले. छातीचे, जवळून घेतलेले, एक.

"आता याले उजेडात आनाचं," मित्र म्हणाला. "पन आधी ठरवा, कशात. तुमी पुन्हा घरी जाऊन तेच बटन दाबसान, म्हनून विचारतो."

त्याने तीन सॉफ्टवेअर उघडून दाखवली. पहिले माझ्यासारखेच, थोडे अधिक देखणे. सगळे आपण होऊन करणारे. दुसरे मोठ्या व्यावसायिकांचे. त्यात सारे काही होते, पण ते दर महिन्याला भाड्याने घ्यायचे. भाडे थांबले की दार बंद. तिसरे फुकटचे, रूक्ष, राखाडी खिडक्यांचे, ज्यात कुठून सुरुवात करावी हेच कळेना.

"नवशिक्यानं चित्र कसं दिसते यावरून निवडू नये, पंडितजी. एक परीक्षा सांगतो. चित्र उघडा, पाह्यजे ते करा, बंद करा. मंग मूळ चित्र जाऊन पाहा. ते जसंच्या तसं असल तर ते सॉफ्टवेअर इमानदार."

मी स्वतः ती परीक्षा घेतली. पहिल्याने मूळ बदलले. दुसऱ्याने आणि तिसऱ्याने बदलले नाही. तिसऱ्यात तर प्रत्येक बदल खाली ओळीने लिहिला जात होता: छाया एवढी उचलली, उजेड एवढा वाढवला. कोणतीही ओळ काढून टाकता येत होती. शेवटची ओळ काढली की आपण पुन्हा मूळ काळोखात. आमच्या पोथ्यांत लेखकाचा हस्तदोष समासात सुधारतात, मूळ अक्षरावर शाई फिरवत नाहीत. हे सॉफ्टवेअर मला त्याच शिस्तीत वाढलेले वाटले. भाड्याच्या दारामागे मला माझा देव ठेवायचा नव्हता. मी तिसरे निवडले.

"कठीन हाय," मित्राने बजावले.

"पाणिनीहून?"

"त्याच्याहून नाही," तो पहिल्यांदा हसला. "घ्या माऊस. मी हात लावनार नाही."

मी छाया उचलू लागलो. एक घर. दोन घरे. काजळातून दगड वर आला, खडबडीत, झिजलेला, छिन्नीच्या खुणांचा. आणि मग उजव्या खांद्याखालून डाव्या बरगडीपर्यंत ती आली. रेघ. पानठेल्यावरचा मनुष्य खरे बोलला होता.

खोलीत पंखा फिरत होता. मी माऊसवरून हात काढून मांडीवर ठेवला.

"काय करसान?" त्याने विचारले.

"तुम्ही सांगा."

"नाही जी. फोटो माहा विषय हाय, देव तुमचा. मी सांगितलं तर तुमीच उद्या म्हनसान, बौद्धाचं आयकून देव बुडवला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "फोटोबद्दल एक सांगतो. तुमी रेघ पाहून थांबले. रेघीच्या आत पाहा. भेगेचा रंग काळा पाह्यजे होता. हा काळा नाही."

मी आणखी मोठे केले. भेगेच्या तळाशी, तिच्या सबंध लांबीत, काळपट तांबडे काही घट्ट बसलेले होते. बाकी दगडावरून खोळ साफ निघाली होती. इथे ती अडकून राहिली होती. ते मी ओळखले. तो शेंदूर होता.

परतीची बस साडेतीनला होती. ती दिघोरीजवळ पंक्चर होऊन तासभर थांबली. लोक उतरून पळसाच्या सावलीत बसले. मी आतच बसलो, मित्राने छापून दिलेले छायाचित्र आणि नवे सॉफ्टवेअर घातलेला संगणक असलेली पिशवी पोटाशी धरून. अंधारापूर्वी फ्रेम येणार होती. ती एकदा भिंतीवर चढली, देवासमोर तिला हार पडला, की मग तिच्याविरुद्ध बोलणे म्हणजे देवाविरुद्ध बोलणे झाले असते.

मी मंदिरात पोचलो तेव्हा फ्रेम आलेली होती. वर्तमानपत्रात गुंडाळून खांबाशी उभी होती. जयंतीसाठी पताका लावणे चालले होते. अध्यक्ष शिडी धरून उभे होते, कालची बहुतेक मंडळी होती, पुजारी समईच्या वाती वळत होता.

"गुर्जी, वेळेवर आले! उघडाची का?"

"उघडू नका," मी म्हणालो. "काल मी दाखवलेले चित्र खरे नाही."

शिडीवरचा मनुष्य वरच थांबला. मी सांगत गेलो: कार्ड कसे पुसले, एक बटन कसे दाबले, एकच कण तीनदा कसा आला. माझ्या वयाचा मनुष्य आपली चूक सांगताना मोठमोठे शब्द शोधतो. मला त्या दिवशी ते सापडले नाहीत. मग मी नवे चित्र त्यांच्यापुढे धरले. रेघ सर्वांना दिसली.

"म्हंजे हाय," अध्यक्ष सावकाश म्हणाले.

"आहे."

"गुर्जी, मंग तुमीच सांगा. तुमी शिकलेले. भंगलेल्या मूर्तीले शास्त्र काय म्हनते?"

हाच प्रश्न येणार हे मला बसमध्ये ठाऊक होते. "भग्न मूर्तीचा त्याग सांगितला आहे," मी म्हणालो. माझा आवाज मला परका वाटला. "अपवादही सांगितले आहेत आणि मतभेदही आहेत. पण त्याग सांगितला आहे, हे मी नाकारणार नाही."

कोणीतरी खाली बसले. "मंग संपलं न," मागून एक आवाज आला.

"संपले नाही. भेगेच्या आत पाहा." मी बोट ठेवले. "हा शेंदूर आहे. सर्वांत तळाचा, म्हणजे सर्वांत पहिला. खोळ चढल्यावर तिच्याखाली दगड तडकला असता, तर भेग रिकामी राहिली असती. खोळीच्या आत जी उंच रेघ दिसली, तीही याच भेगेत उतरलेल्या शेंदराची. ज्या कोणी ही खोळ चढवताना या देवाला पहिला हात शेंदूर लावला, त्याच्यापुढे हा दगड असाच होता. त्याने भेग पाहिली आणि ती भरून घेतली. त्याला शास्त्र माहीत नसेल असे मी म्हणणार नाही. त्याने ठरवले, एवढेच मला दिसते. आता तुम्ही ठरवा."

अध्यक्षांनी चित्र हातात घेतले आणि उजेडाकडे नेले. मला फक्त पुजाऱ्याच्या तळहाताचा, वाती वळण्याचा आवाज ऐकू येत होता. मग तो आवाज थांबला.

"मले मालूम होतं," पुजारी म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिले.

"आमच्या बापानं दाखवलं मले. वरतून शेंदूर लावतानी अंगठा इथं आला का दाबून लावाचा, म्हने; इथं त्याले लागलं हाय. त्याले त्याच्या बापानं सांगितलं. माह्या बापानं खोळ पडलेली पायलीच नाही, तरी सांगितलं." त्याने अंगठा स्वतःच्या छातीवरून तिरका ओढला, उजव्या खांद्याखालून डाव्या बरगडीपर्यंत. तीच रेघ. "परवाच्या शनवारी बी दाबूनच लावला."

"मंग काल काहून बोलला नाही तू?" अध्यक्ष ओरडले.

"तुमचा संगमरवर गोदामात हाय. मी बोललो असतो तर आयकलं असतं का?" त्याने माझ्याकडे मान वळवली. "आनि गुर्जींनी एवढा चिकना देव दाखवला. मले वाटलं, गुर्जीले बी तोच पाह्यजे."

याहून कठोर वाक्य माझ्याविषयी कोणी बोललेले मला आठवत नाही, आणि ते त्याने अगदी मऊ आवाजात म्हटले.

मग अध्यक्षांनी वर्तमानपत्र फाडले, फ्रेम उलटी केली, मागचे खिळे आपल्या जाड बोटांनी वाकवले आणि गुळगुळीत मारुती बाहेर काढला. तो त्यांनी घडी न घालता माझ्या हाती दिला. माझ्या हातातले चित्र घेऊन ते काचेमागे सरकवले. ते थोडे लहान होते. कडांना पांढरी पट्टी राहिली.

"राहू द्या," ते म्हणाले. "संगमरवर शेतातच जाईल." आणि शिडीवर अडकलेल्या माणसाकडे पाहून, "तू काय लटकून राह्यला? पताका बांध!"

मंगळवारी सूर्योदयाला जन्म झाला आणि फ्रेम गाभाऱ्याच्या दाराशेजारी लागली. मित्रही लाखांदूरहून आला होता, मंदिराबाहेर कडुनिंबाखाली उभा राहून त्याने दारातूनच ती पाहिली आणि मला म्हणाला, "छाया एक घर जास्त उचलली तुमी." ते खरे होते. मूळ चित्र जसेच्या तसे होते, म्हणून मी ती ओळ घरी जाऊन सुधारली. भिंतीवरची प्रत मात्र कोणी बदलू देईना.

आता लोक शेंदराच्या मारुतीला नमस्कार करून वळतात आणि काचेवर, रेघेच्या जागी, अंगठा दाबतात. पुजाऱ्याने दाखवला तसा, तिरका. दर शनिवारी सकाळी मी ती काच कोरड्या वस्त्राने पुसतो. दुपारपर्यंत तेलाचा तो पट्टा पुन्हा तिथेच उमटलेला असतो.